‘येतो साहेब, ओव्हर’

ब्रिगेडियर अंजनकर साहेबांना कोणती पदकं मिळाली, कशाबद्दल मिळाली, त्यांनी कुठल्या तुकड्यांची कमान सांभाळली, हे सगळं त्यांच्या निरोप समारंभाच्या छापील पत्रिकेत होतं. पत्रिका इंग्रजीत होती, कागद जाड होता. एकच गोष्ट तिच्यात नव्हती. साहेबांचा सन्मान करायला कोणी माइकसमोर उभं राहिलं, की माइकमधून आधी टिक-टिक असा आवाज यायचा. जरा थांबून पुन्हा टिक-टिक. मी त्यांचा रेडिओ ऑपरेटर, हवालदार प्रल्हाद. आवाज ऐकणं ही माझी ड्यूटी होती, म्हणून ही बाजू मी सांगतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तुम्हीही ठेवू नका. नुसतं ऐका.

तेव्हा साहेब मेजर होते, आमचे कंपनी कमांडर. पोस्ट डोंगराच्या खांद्यावर होती. खाली नाला, नाल्यापलीकडे दुसरा देश. पोस्टभोवती काटेरी तार, तारेबाहेर सुरुंग, आणि त्यातून जायला-यायला एकच वाट. तिला आम्ही गॅप म्हणायचो. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, बाहेर पडताना गॅप उघडायचा, आत आली की बंद करायचा. घराला दार असतं तसा. फरक इतकाच, की या दाराशी उभा राहणारा पाहुण्याच्या छातीवर रायफल धरून उभा असतो.

मेजर साहेबही आमच्याच यवतमाळचे. वडील कलेक्टर कचेरीत होते. पण मुलाला दहाव्या वर्षी सैनिकी शाळेत धाडलं, त्यामुळे त्यांचं मराठी इस्त्री केलेलं होतं. आमचं चुरगळलेलं. आमचं म्हणजे माझं आणि नायक देवीदास ढोलेचं. देवीदास कळंबच्या अलीकडच्या एका गावचा. मी कळंबचा. एकाच एसटीने सुट्टीला जायचो, एकाच एसटीने परत यायचो, आणि परतताना दोघांच्याही डब्यात आंबाडीची भाजी असायची.

देवीदासला एक सवय होती. बंकरमधून पाणी आणायला जरी निघाला तरी दारात थबकून म्हणायचा, "येतो."

मी म्हणायचो, "ये बाप्पा. चा ठेवतो."

मी काही बोललो नाही, तर हा हलायचा नाही. तिथेच उभा. पुन्हा, "परल्हाद, येतो ना बे." मी हातातलं काम टाकून "ये" म्हटलं की मगच पाऊल बाहेर.

एकदा मेजर साहेबांनी हे पाहिलं. म्हणाले, "ढोले, जातोयस ना? मग येतो काय म्हणतोस?"

"साहेब, जातो म्हटलं त माय चपलीनं हानते."

"ते घरी. रेडिओ सेटवर हे चालणार नाही. सेटवर निघालास तर 'मूव्हिंग आऊट'. परत फिरलास तर 'मूव्हिंग इन'. सेटवर 'येतो' म्हणालास तर गॅपवर पहारा देणारा संत्री काय समजेल?"

"समजलं, साहेब."

"काय समजलं?"

"सेटवर येतो म्हनाचं नाही."

साहेबांनी हुकूम दिला आणि ते वळले. देवीदास माझ्याकडे बघून डोळा मारत म्हणाला, "मूव्हिंग आऊट, परल्हाद." आणि दारात उभा राहिला. मला "ये" म्हणावंच लागलं.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे त्या दिवशी सकाळी ऊन होतं. देवीदास दोन शिपाई घेऊन नाल्याकडे गेला. रोजची पेट्रोल. सेट त्याच्या पाठीवर. दुपारी जेवणं उरकत होती तेव्हा धुकं चढलं. ते चढतं, हे मैदानी माणसाला सांगून पटत नाही. नाल्यातून पांढरं काही तरी हळूहळू वर आलं, तारेशी आलं, तारेच्या आत आलं. मला माझ्या हातातली थाळी दिसत होती, थाळीपलीकडचा हात दिसत नव्हता. आणि आवाज विचित्र व्हायला लागले. शेजारचा माणूस खोकला तर तो दरीत खोकल्यासारखा वाटायचा.

मग खाली गोळीबार झाला. थोडा वेळ. मग शांत.

सेटवर देवीदासचा श्वास आला. त्यानंतर त्याचा आवाज. अगदी बंकरच्या दारात उभा असल्यासारखा.

"येतो साहेब. ओव्हर."

रेडिओवर 'ओव्हर' म्हणजे माझं बोलून झालं, आता तुमच्या उत्तराची वाट बघतो. मी प्रेसल, म्हणजे बोलायचं बटण, दाबणार इतक्यात मेजर साहेबांनी हँडसेट माझ्या हातातून घेतला. ते एक क्षण थांबले.

"रॉजर. आऊट."

'रॉजर' म्हणजे ऐकलं. 'आऊट' म्हणजे बोलणं संपलं.

मागोमाग बटालियन मुख्यालयाचा टेलिफोन वाजला. तिकडून हुकूम होता, की धुक्याआडून शत्रू आत शिरेल, गॅप ताबडतोब बंद करा.

"सर, मेरी पेट्रोल बाहर है," साहेब म्हणाले. "आ रही है।"

"किसने कहा?"

"नायक ढोले ने, सर. अभी सेट पर बोला. आ रहा हूँ।"

मी शेजारी उभा. 'येतो'चं हिंदी करताना साहेबांनी दोन अर्थांपैकी एक निवडला होता. फोनवरच्या हिंदीवाल्या कर्नलला दुसरा अर्थ असतो हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांच्याकडे जाणारा माणूस 'जाता हूँ' म्हणतो आणि खुशाल जातो.

फोन खाली ठेवल्यावर मी म्हणालो, "साहेब, तो येतो म्हणाला ते..."

"मला माहीत आहे येतो म्हणजे काय." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणाला ना? मग येईल. गॅप उघडा राहील."

आम्ही वाट बघत बसलो. गॅपवर चार रायफली, समोर पांढरं. त्या पांढऱ्यातून कोण निघेल ते सांगता येत नव्हतं. आत पस्तीस माणसं होती आणि दार सताड उघडं होतं. माणसं साहेबांकडे बघत नव्हती, म्हणजे काय विचार करत होती ते कळत होतं.

तेवढ्यात सेट वाजला. टिक-टिक.

कोणी तरी प्रेसल दोनदा दाबत होतं. बोलता येत नसलं की पेट्रोल असं करते. मी विचारलं, "चार्ली, कंट्रोल. ओव्हर." चार्ली म्हणजे पेट्रोल, कंट्रोल म्हणजे आम्ही. उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा टिक-टिक.

साहेब म्हणाले, "स्पीकर काढ. गॅपवर टांग. आवाज पूर्ण."

मी तार ओढून स्पीकर गॅपच्या खांबाला बांधला. आता ती टिक-टिक त्या पांढऱ्यात जायला लागली. देवळातला टाळ लांबून ऐकू यावा तशी. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग समोरून दगड घसरल्याचा आवाज आला, संत्रीने रायफलचा बोल्ट ओढला, आणि धुक्यातून एक हात बाहेर आला. आमचा शिपाई होता. त्याने दुसऱ्याला पाठीवर घेतलं होतं. दोघेही रक्ताने माखलेले. सुरुंगांच्या मधून, चुकत-माकत नव्हे, नीट गॅपच्या वाटेने आले होते.

"आवाजावर आलो," तो म्हणाला. "टिक-टिक ऐकू येत होती, तिच्यावर."

"ढोले?"

"मागून येतो म्हटलं त्यांनी. नाल्यात आहेत. दोन्ही पायांना लागलंय."

"सेट चालू आहे त्याचा," साहेब म्हणाले. "तो प्रेसल दाबतोय."

शिपाई साहेबांकडे बघत राहिला. "नाही साहेब. सेट गेला. ते तुमच्याशी बोलले आणि लगेच गोळी सेटमध्येच शिरली. तुकडे उडाले."

स्पीकर त्याच्या डोक्याजवळच टांगलेला होता. टिक-टिक.

नंतर डॉक्टरांनी त्या शिपायाच्या दंडातून हिरव्या पत्र्याचा एक तुकडा काढला. सेटचा होता. मी ओळखला. त्याच्यावर देवीदासने खिळ्याने कोरलेला 'दे' होता.

त्या धुक्यात, पलीकडच्या बंदुकांसमोर, नाल्यात माणूस धाडता येईना. संध्याकाळपूर्वी टिक-टिक थांबली. रात्री बर्फ पडलं आणि नाला भरून गेला. वसंतात आम्ही खणलं. देवीदास सापडला नाही. कागदोपत्री तो 'बेपत्ता, मृत समजावा' असा राहिला.

मेजर अंजनकरांना सेना मेडल मिळालं. प्रशस्तिपत्रात लिहिलं होतं, की पेट्रोल परतत असल्याचा स्पष्ट संदेश मिळाल्याने अधिकाऱ्याने वैयक्तिक जोखीम पत्करून गॅप उघडा ठेवला आणि दोन जवानांचे प्राण वाचवले. सगळं खरं होतं. 'स्पष्ट' हा शब्द सोडून.

पदक लावायच्या परेडला जनरल साहेब माइकशी आले. टिक-टिक. सिग्नलचा सुभेदार धावला, वायर हलवली, माइक बदलला. टिक-टिक. मी मागच्या रांगेत होतो. साहेबांची मान सरळ होती, फक्त डाव्या हाताची मूठ वळली होती, हँडसेट धरल्यासारखी.

पुढे त्यांची चढती कमान. लेफ्टनंट कर्नल झाले, बटालियन मिळाली. कर्नल झाले. विशिष्ट सेवा मेडल मिळालं. ब्रिगेड मिळाली तेव्हा मला मागून घेतलं. लोक म्हणायचे साहेब फार शिस्तीचे, एकच खोड. त्यांच्या ऑफिसचं दार बंद केलेलं त्यांना खपत नसे. हिवाळ्यात स्टाफ कुडकुडायचा. आणि दर सन्मानाला, दर भाषणाला, माइक आधी दोनदा टिकटिकायचा. तरुण अधिकारी आपसात हसायचे. कोणी म्हणे सिस्टिम जुनी आहे. एका ब्रिगेडमध्ये तर नवीकोरी सिस्टिम आणली, तिचं उद्घाटन साहेबांनीच केलं. मी कानात बोटं घालून उभा होतो. उपयोग झाला नाही.

साहेब निवृत्त होऊन यवतमाळला आले त्या वर्षांत जिल्ह्याचा चेहरा उतरला होता. कापसाचे भाव पडले होते. लोहाऱ्याकडची जिनिंगं, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, एकेक करून थंडावत होती. कळंब तालुक्यात अशी घरं झाली होती, जिथला माणूस सकाळी बायकोला "येतो" म्हणून वावरात गेला आणि आला नाही. त्या घरांवरून जाताना लोक आवाज खाली करायचे.

माजी सैनिकांच्या आमच्या मंडळाने साहेबांचा सत्कार ठरवला. अध्यक्ष सुभेदार इंगळे. मोठा हौशी माणूस. हॉलचं भाडं झेपेना म्हणून त्यांनी लोहाऱ्यातलं एक बंद जिनिंग फुकटात मिळवलं आणि पानिपत जिंकल्यासारखे आले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक अट घातली.

"सत्काराआधी जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची नावं घ्यायची. त्यात देवीदास ढोले हे नाव असलं पाहिजे. त्याच्या गावच्या स्मारकाच्या दगडावरही."

इंगळ्यांचं तोंड पडलं. "साहेब, ते नाव सोडून काहीही मागा. त्याच्या मायकडे मी फोटो आणि हार घेऊन गेलतो. म्हातारीनं कापसाच्या पऱ्हाटीची काडी घेऊन मले पार एसटीच्या थांब्यावरोक पिटाळलं. लोक हसून राह्यलते."

"काय म्हणाली?"

"म्हने, माहा पोरगा येतो म्हनून गेला. हार कायले घालता?"

साहेब उठले. मग म्हणाले, "प्रल्हाद, जीप काढ."

देवीदासची माय ओट्यावर कापूस निवडत बसली होती. घराचं दार उघडं. पाठीमागची खोली पार मागच्या अंगणापर्यंत दिसत होती. मी ओळख करून दिली. तिने साहेबांना आधी पाणी दिलं, मग बसायला पोतं.

"आई, मी देवीदासचा मेजर होतो."

"मालूम आहे. तो लिवायचा तुमच्याबद्दल. साहेब लय कडक हायेत, पन दिलाचे चांगले."

"त्याचं नाव हुतात्म्यांत घ्यायची तुमची परवानगी हवी आहे."

म्हातारीने एका बोंडातला पानकचरा काढून टाकला. "शेवटचं काय बोलला तो? तुमच्याशीच बोलला म्हनतेत."

"येतो साहेब, ओव्हर."

"ते वव्हर म्हंजे?"

मी म्हणालो, "मावशी, म्हंजे आता तुम्ही बोला. मी उत्तराची वाट पाहून राह्यलो."

"मंग?" ती साहेबांकडे वळली. "तुमी काय म्हटलं?"

साहेबांचा आवाज नेहमीसारखा होता. "रॉजर, आऊट."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला ते मराठीत सांगावं लागलं. "ऐकलं. बोलनं संपलं."

तिचे हात थांबले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे त्याले कोनी ये म्हटलंच नाही."

ओट्यावर कापसाचा एक पुंजका वाऱ्याने सरकत साहेबांच्या बुटापाशी आला.

"येतो म्हननाऱ्याले ये म्हना लागते, साहेब. नाही म्हटलं त तो उंबऱ्यातच उभा राहते. ना इकडे, ना तिकडे. मी त्याले सुट्टीहून जाताना ये म्हटलं होतं. ते तेवढ्या जान्यापुरतं. हे जानं दुसरं होतं, आनि ते तो तुमाले सांगत होता."

"तुम्ही म्हणा आता, आई."

"मी म्हनून भागत नाही. ज्याले येतो म्हटलं त्यानंच म्हना लागते." तिने पुन्हा कापूस उचलला. "मी येईन तुमच्या समारंभाले. आधी त्याले ये म्हना. मंग मी नाव घेऊ देतो. दगडावर बी."

परतताना साहेब पुढच्या सीटवर बसले होते. यवतमाळ जवळ आलं तेव्हा म्हणाले, "प्रल्हाद, ये म्हटलं तर तो जाईल."

"होय साहेब."

"मी गॅप उघडा ठेवलाय रे. अजून."

मी गाडी चालवत राहिलो. त्यावर उत्तर द्यायची माझी रँक नव्हती.

सत्कार दुपारी होता. जिनिंगच्या शेडमध्ये खुर्च्या, टेबल, हार, नारळ. यंत्रं ताडपत्रीखाली झाकलेली. उकडत होतं म्हणून इंगळ्यांनी भिंतीतला मोठा पंखा लावायला सांगितला. तो बंद पडून वर्ष-दोन वर्षं झाली होती. तो आधी कण्हला, मग फिरला, आणि शेडच्या छताच्या कैच्यांवर, तुळयांवर, कोपऱ्याकोपऱ्यात साठलेली कापसाची सगळी जुनी रुई एकदम हवेत उठली.

सगळं पांढरं झालं. मला माझ्या हातातली वायर दिसत होती, वायरीपलीकडचा हात दिसत नव्हता. कोणी तरी खोकलं आणि ते दरीत खोकल्यासारखं वाटलं.

इंगळे माइकसमोर होते. त्यांनी तोंड उघडायच्या आधी स्पीकर वाजला. टिक-टिक.

"अबे लाइट बंद कर, नाही, पंखा, पंखा बंद कर," इंगळे ओरडत होते. "आनि ते दार लावा, रुई बाहेर चालली."

"दार लावायचं नाही."

हा आवाज मी फार वर्षांनी ऐकला. मेजर अंजनकरांचा. सगळे जिथल्या तिथे थांबले. पांढऱ्यातून साहेब चालत माइकपाशी आले. कसे आले कोण जाणे, टेबलखुर्च्यांना न धडकता, नीट. आवाजावर आले असतील.

टिक-टिक.

पहिल्या रांगेत देवीदासची माय बसली होती. पांढरं लुगडं, डोक्यावर पांढरी रुई, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. तिने पदर सावरला आणि वाट बघायला लागली.

साहेबांनी माइक डाव्या मुठीत धरला. हँडसेटसारखा.

"चार्ली, कंट्रोल." लोकांना वाटलं माइक तपासताहेत. "तुझा मेसेज मिळाला होता. उत्तर चुकलं."

टिक-टिक.

"ये, देवीदास," साहेब म्हणाले. "सावकाश ये. आऊट."

मी सिग्नलचा माणूस आहे. शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे, हे मला कळतं. शांततेतही सेट बारीक खरखरत असतो. त्या क्षणी स्पीकरमध्ये ती खरखरसुद्धा नव्हती. पंखा गरगरत थांबला. रुई हळूहळू खाली बसायला लागली, खुर्च्यांवर, हारांवर, साहेबांच्या पदकांवर. उघड्या दारातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. त्या पट्ट्यातली रुई मात्र खाली न बसता बाहेर निघून गेली. तुम्ही म्हणाल झोत होता. असेल.

म्हातारी उठली. "घ्या आता नाव," ती म्हणाली. "पुरं घ्या. बापाचं बी."

नाव घेतलं. पुढे सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला, इंगळ्यांचं लांबलेलं भाषण झालं. माइक एकदाही टिकटिकला नाही. त्या दिवसानंतर पुन्हा कधीच नाही. साहेब घराचं दार लावून झोपायला लागले, असं त्यांच्या पत्नीने मला सांगितलं.

म्हातारीकडे साहेबांचं जाणं-येणं सुरू झालं. ती आजारी पडली तेव्हाही ते ओट्यावर तिच्या खाटेशी बसून होते, मीही होतो. आमच्याकडच्या बायकासुद्धा बोलताना पुरुषासारखंच बोलतात, ही यवतमाळबाहेरच्या माणसाला गंमत वाटते. दुपार कलताना तिने डोळे उघडले, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "येतो."

साहेबांनी क्षणाचाही वेळ लावला नाही. "ये, माय."

गावच्या शाळेसमोर दगड आहे. त्यावर लिहिलंय, नायक देवीदास महादेव ढोले. पुढे 'बेपत्ता' नाही, काही नाही. शेवटची काही वर्षं साहेब दर वर्षी तिथे जायचे. आता साहेबही नाहीत, मी एकटा जातो. दगड पुसतो, फूल ठेवतो, सॅल्यूट करतो. निघताना म्हणतो, "येतो बे देवीदास."

आणि जरा थांबतो. मग कळंबची एसटी धरतो.